पाणी जिथून यायचं

आमच्याकडे पाणी यायचं ते रात्री. निदान मला आठवतं ते तरी रात्रीचंच. भंडारदरा धरणाचं आवर्तन, म्हणजे ठरल्या वेळचं पाणी, सुटलं की काही दिवसांनी पाटकऱ्याची सायकल वस्तीवर येई. पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज भरलाय की नाही, मागची पाणीपट्टी थकलीय की नाही, यावरून त्याची आणि आबांची थोडी घासाघीस होई, चहा होई, आणि मग आमची पाळी हमखास रात्री दोनची लागे. आबांच्या खांद्यावर फावडं, माझ्या हातात बॅटरी. चारीचं दार उचललं की आधी पाणी येत नसे. आधी आवाज येई. वाळल्या पाचोळ्यातून कुणीतरी सरपटत येतंय असा. मग मातकट फेस, मग पाणी. आबा वाकून त्यात हात बुडवत आणि म्हणत, "आलं गं रतनगडाचं."

श्रीरामपूर तालुक्यातलं आमचं गाव चारीच्या पार शेवटाला, म्हणजे टेलला. टेलच्या माणसाला वरच्या प्रत्येकाचा संशय असतो. कुणी दार अर्धं उघडं ठेवलं असेल, कुणी पाइप टाकला असेल. आमच्या मुलखात उंच म्हणावं असं काही असेल तर ती साखर कारखान्याची चिमणी. त्यामुळे रतनगड हा शब्द मी फार लहानपणापासून ऐकला, पण गड म्हणून नाही. ते पाण्याचं आडनाव असावं, असं मला वाटायचं.

आबांनी रतनगड कधी पाहिला नव्हता. धरणही नाही. जन्मभर ज्या पाण्यावर ऊस काढला, ते साठतं कुठे हे बघायला जावं असं त्यांना वाटलंच नाही. त्यांच्या लेखी अख्खा अकोले तालुका म्हणजे पावसाळ्यात पेपरात येणारा एक आकडा होता. भंडारदरा बासष्ट टक्के. भंडारदरा ऐंशी टक्के. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरायचं, ही तर झेंडावंदनाइतकीच ठरलेली गोष्ट. एखाद्या वर्षी ते हुकलं की घरात सुतकी शांतता.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती सव्विसाव्या वर्षी, आणि तेही उलट्या बाजूने. मुंबईतल्या नोकरीतल्या मित्रमैत्रिणींबरोबर, कसारा घाट चढून, घोटीवरून. म्हणजे नगर जिल्ह्यातली मी, नगर जिल्ह्याच्या डोक्यावर चढले ती नाशिक जिल्ह्यातून. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून अजून नगरच निघतं. अकोल्याचाही घोळ आहेच. 'अकोल्याला चाललेय' म्हटलं की निम्मे लोक विदर्भात पोचतात. अकोला नव्हे, अकोले, हे सांगण्यात तिथल्या माणसांचं बरंच आयुष्य जात असणार.

घोटी सोडलं आणि बारी गावाजवळ रस्ता वर आला, तेव्हा डाव्या-उजव्या अंगाला डोंगर नुसते उभे नव्हते, ते जवळ आले होते. ज्या माणसाने लहानपणी सपाटी पाहिलीय त्यालाच हे कळेल. सपाटीवर आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं असतं. इथे ते फक्त डोक्यावर होतं.

नकाशात बघितलं तर या तालुक्याची रचना हाताच्या पसरलेल्या बोटांसारखी आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार. तिच्यापासून पूर्वेला दोन मोठ्या रांगा निघतात. उत्तरेला कळसूबाईची, दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची. मधल्या खोऱ्यातून प्रवरा, दक्षिणेला मुळा, उत्तरेच्या अंगाला आढळा. तिन्ही नद्या इथेच जन्मतात आणि तिन्ही बाहेर जातात. धारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. हातभर अलीकडे पडला तर प्रवरेतून गोदावरीत, आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं की ही शाळेतली ओळ एकदम खरी वाटायला लागते, कारण वारा इतका असतो की थेंबाने कुठे पडायचं ते शेवटच्या क्षणी ठरतं.

पाऊस तर विचारू नये. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर. तोच ढग पूर्वेला सरकत अकोले शहराकडे येईपर्यंत जवळजवळ रिकामा होतो, आणि पुढे संगमनेरला पोचतो तेव्हा चारशे-पाचशेच्या घरात आलेला असतो. एकाच तालुक्यात एका टोकाला माणसं तीन महिने इरलं काढत नाहीत आणि दुसऱ्या टोकाला बाजरीसाठी आभाळाकडे बघतात. पश्चिमेच्या या ओल्या पट्ट्याला तिथले लोक डांगाण म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. त्यात ढगाचा आवाज आहे.

जमीन म्हणजे काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खन तयार झालं, त्यातल्या जुन्या, खालच्या थरांच्या गटाला भूशास्त्रज्ञांनी नावच 'कळसूबाई' दिलंय. म्हणजे हे नाव महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकालाही आहे आणि दख्खनच्या पायालाही. साम्रदची सांदण दरी बघितली की हा कातळ आतून कसा दिसतो ते कळतं. जमिनीला उभी भेग पडलीय आणि त्या भेगेतून आपण चालतोय. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती हाताला लागतील अशी अरुंद, आणि वर आभाळाची एक चिंधी. ऊन तळाला पोचतं ते कसंबसं. पावसाळ्यात तिथे जायचं नाही. हे मी ठासून सांगतेय, कारण दरवर्षी कुणीतरी जातंच.

आता धरणाबद्दल. शेंडी गावाजवळ प्रवरेवर बांधलेल्या या धरणाचं कागदोपत्री नाव विल्सन डॅम, आणि जलाशयाचं आर्थर लेक. शेंडीत मी एकाही माणसाच्या तोंडून ही नावं ऐकली नाहीत. तिथे ते नुसतं 'धरण' आहे. 1896 ते 1900 या काळातल्या दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळून निघाला होता. पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून सरकारने जी पाटबंधाऱ्यांची कामं काढली, त्यातलं हे. 1910 ला काम सुरू झालं आणि 10 डिसेंबर 1926 ला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन. सोळा वर्षं. उंची 270 फूट, सगळी दगडाची चिरेबंदी. साठा अकरा टीएमसी. 1969 मध्ये भिंतीला तडे गेले होते, तेव्हा मागून टेकू बांधून तिला सावरलं. इथून सुटलेलं पाणी नदीतूनच खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून डावा-उजवा कालवा. पुढचा इतिहास आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पाण्यामागे ऊस आला, उसामागे कारखाने, 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं, आणि मग कारखान्यांमागून शाळा, कॉलेजं, दवाखाने, आमदार, मंत्री.

हे सगळं खाली.

मी त्या पहिल्या फेरीत धरणाच्या भिंतीवरून खाली बघत होते, आणि मोरीतून फेसाळत सुटणाऱ्या पाण्याचे फोटो काढणाऱ्या गर्दीत मला एक विचित्र गोष्ट जाणवली. सगळे पाण्याकडे बघत होते, आणि पाण्याची पाठ आमच्याकडे होती. ते निघालं होतं.

दुसऱ्यांदा गेले ती एकटी, जुलैत, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. जलाशयाला वळसा घालून रस्ता जातो. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, मग साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, आणि परत शेंडी. त्या वळशावरच्या एका वाडीत ओळखीच्या ओळखीने दोन रात्री राहिले. घर महादेव कोळी कुटुंबाचं. कुडाच्या भिंती, आत अर्ध्या जागेत गुरं, अर्ध्यात माणसं, आणि दोघांच्या मधे फक्त एक आडवा वासा. रात्रभर गुरांचा रवंथ ऐकू येतो. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री त्या आवाजानेच लागली.

घरातल्या आजींनी मला पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नाही, जातीचा नाही, लग्नाचा नाही.

"कुठली गं तू?"

"श्रीरामपूरकडची, आजी."

"म्हंजी आमच्या खालची." मग चुलीत फुंकर मारून म्हणाल्या, "पोचतं का पाणी तिथवर? का मधीच आटतं?"

सासरी दिलेल्या लेकीची खबर विचारावी तसं त्यांनी विचारलं. नांदतेय ना नीट? मी म्हणाले, पोचतं, पण टेलला जरा कमी पडतं. त्यावर त्या हसल्या. "इथं उन्हाळ्यात आमाला बी कमीच पडतं." मला ते तेव्हा थट्टेत म्हटलेलं वाटलं. बाहेर असा पाऊस कोसळत होता की दारातून दहा पावलांवरचा गोठा दिसत नव्हता. नंतर एकदा एप्रिलअखेर गेले तेव्हा बघितलं. विहिरीच्या तळाशी झऱ्यातून वाटीने पाणी भरायचं, हंडा भरायला अर्धा तास. कातळात पाणी मुरत नाही, उतारावर थांबत नाही. समोर जलाशय दिसतो, पण तो खाली आहे आणि वाडी वर. आमच्या अख्ख्या लहानपणात पाणी 'वरून' आलं होतं. त्या वरच्या माणसांना पाणी चढवावं लागतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या आजींच्या गोठ्यात डांगी गाय होती. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, जणू कुणी शाई झटकलीय. आजींनी माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. हात उचलला तर तळव्याला तेलकटपणा. या जातीच्या कातडीतून तेलासारखा स्राव येतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगावर टिकत नाही, ओघळून जातं. खूरही काळे आणि टणक, चिखलात न कुजणारे. आमच्याकडची जर्सी इथे आठ दिवस तगणार नाही. राजूरला दरवर्षी हिवाळ्यात डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, वळू सजवून आणतात. राजूरचे पेढे सगळ्यांना ठाऊक आहेत, येता-जाता गाडी थांबवून घेतले जातात. पण ते पेढे आणि ती गाय यांचा काही संबंध असेल असं पेढे खाताना कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

भाताचं तर सगळं गणितच आमच्यापेक्षा वेगळं. उन्हाळ्यातच राब भाजायचा. शेण, पालापाचोळा, फांद्या, वर मातीचा थर, असं रचून रोपाच्या तुकड्यावर पेटवायचं. माती भाजते, तणाचं बी मरतं, राख खत होते. पहिल्या पावसावर तिथे भात पेरायचा आणि रोप वीतभर-दीड वीत झालं की उपटून खाचरात लावायचं. ती आवणी. मी अर्धा दिवस लावणीला उभी राहिले. उसाच्या सरीत वाढलेल्या माझ्या कमरेला वाटलं होतं, हे जमेल. दोन तासांत मला बांधावर बसवलं आणि माझ्या जागी नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिने माझी वेडीवाकडी ओळ उपटून परत लावली. बोलली काहीच नाही.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ साधारण हजार वर्षांचं आहे. लोक त्याच्या कोरीव कामासाठी जातात आणि जावंच. छत, खांब, बाहेरच्या भिंती, कुठे नजर ठेवू आणि कुठे नको असं होतं. मला मात्र त्याच्या शेजारची पुष्करणी जास्त भावली. चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांची, भिंतींत देवकोष्ठं, आणि पाणी इतकं स्थिर की कोनाड्यातला विष्णू वरही दिसतो आणि खालीही. भर पावसाळ्यात गाभाऱ्यातसुद्धा पाणी चढतं आणि पिंड बुडते. देवळामागे रतनगड. माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखं म्हणून. त्यात बसलं की एका बाजूने कोकण दिसतं, दुसऱ्या बाजूने जलाशय, आणि मधून वारा असा घुसतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. याच डोंगरात प्रवरा उगवते. तिला अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनानंतरच्या अमृताच्या वाटपाची गोष्ट तिच्या काठाला चिकटलेली आहे, आणि त्या गोष्टीतल्या मोहिनीचं देऊळ खाली नेवाशाला, याच नदीच्या काठी. त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवणाऱ्या चांगदेवांचं नाव निघतं ते वर, हरिश्चंद्रगडावर. तिथे त्यांनी तप केलं, 'तत्त्वसार' लिहिला. म्हणजे पाण्याखेरीज आणखीही काही या खोऱ्यातून वर-खाली करत होतं.

हरिश्चंद्रगडाला मी पाचनईच्या वाटेने गेले. सगळ्यात सोपी वाट. नळीच्या वाटेने जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, इतकंच. वर केदारेश्वराची लेणी आहे. पाण्यात मधोमध मोठी पिंड आणि चार कोपऱ्यांना चार खांब, त्यातला एकच धड. सत्य, त्रेता, द्वापर गेले, आता कलियुगाचा एवढा खांब उरलाय, असं प्रत्येक गाइड सांगतो. मला ते ऐकून नेहमी वाटतं, सर्वांत वाईट युगाचाच खांब सर्वांत मजबूत कसा काय? पण पाण्यात उतरल्यावर असले प्रश्न सुचत नाहीत. मार्चच्या उन्हात, कमरेइतकं पाणी, आणि गार म्हणजे इतकं गार की श्वास घ्यायचा विसरतो. मी पिंडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि बाहेर येऊन दगडावर पालीसारखी पडून राहिले.

कोकणकडा संध्याकाळी बघावा. पोटावर झोपून, डोकं कड्याबाहेर काढून. कडा सरळ उतरत नाही, आत वळलेला आहे, त्यामुळे खाली बघताना आपल्याखाली डोंगरच नाही असं वाटतं. वारा खालून वर येतो. कुणीतरी ओंजळभर पाणी खाली टाकलं आणि ते आमच्याच तोंडावर परत आलं. पावसाळ्याच्या शेवटी, समोर धुकं आणि मागे ऊन अशी वेळ साधली तर इथे इंद्रवज्र दिसतं. गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. मला दोनदा जाऊनही नाही दिसलं.

कळसूबाईचं काय सांगायचं. 1646 मीटर, राज्यात सर्वांत उंच. बारीतून चढायचं, लोखंडी शिड्या, माथ्यावर एक एवढंसं देऊळ आणि शनिवार-रविवारी लोकलइतकी गर्दी. मला तिची गोष्ट तिच्या उंचीपेक्षा मोठी वाटते. कळसू नावाची कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड. डोंगरापायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. सगळं ठीक चाललं होतं. मग एक दिवस कुणीतरी सांगितलंच, भांडी घास, केर काढ. तिने मुकाट्याने घासली, केर काढला, आणि डोंगर चढून वर निघून गेली. पुन्हा खाली आली नाही. जिथे भांडी घासली ते थाळेमेळ, जिथे केर टाकला तो काळदरा. त्या घरातल्या माणसांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. अटी मोडल्या म्हणून काम सोडलेल्या पोरीचं नाव मात्र महाराष्ट्राच्या माथ्यावर आहे. नवरात्रात आसपासच्या बाया पहाटे चढून तिची ओटी भरतात. त्यातल्या कितीतरी जणी घरी जाऊन भांडीच घासणार असतात.

या डोंगरांत न ऐकणाऱ्या माणसांची एक परंपराच आहे. देवगावचे राघोजी भांगरे त्यातले सगळ्यात मोठे. महादेव कोळ्यांचे जुने हक्क इंग्रजी अमलात गेले, त्यात सावकारांनी जमिनी गिळल्या. 1840 च्या दशकात राघोजी बंड करून उठले. सावकारांची घरं फोडली, कर्जाची खतं-कागद जाळले. वर्षानुवर्षं इंग्रजांना हे डोंगर त्यांचा पत्ता देईनात. अखेर सापडले ते डोंगरात नाहीच, पंढरपुरात. वारकऱ्यांच्या मेळ्यात, 1848 च्या जानेवारीत. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी. मला यातलं पंढरपूर राहून राहून आठवतं. इतका उंच, इतका आडवाटेचा मुलूख, जिथे लपलं तर दिसणार नाही, तो सोडून माणूस सपाटीवर आला आणि धरला गेला.

त्याच्याही आधी 1679 मध्ये, जालन्याच्या स्वारीहून परतताना मोगल फौज पाठीवर असताना, शिवाजी महाराज पट्टा किल्ल्यावर येऊन थांबले होते. म्हणून त्याचं नाव विश्रामगड. आढळेच्या उगमाच्या बाजूचा हा किल्ला. तिथे गर्दी नसते. फार काही उरलेलंही नाही. आता भोवती पवनचक्क्या फिरतात. महाराजांनी विश्रांती घेतली ती जागा निवांत आहे एवढं नक्की.

एक फेरी मात्र मला सांगायची लाज वाटते. जूनच्या पहिल्या आठवड्यातली, काजव्यांची. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर लाखोंनी काजवे बसतात आणि एका लयीत लुकलुकतात. एक झाड पेटतं, विझतं, मग शेजारचं. हा सगळा नरांनी माद्यांसाठी मांडलेला खेळ, आणि त्यांच्याकडे वेळ अगदी थोडा. आम्ही पाच गाड्यांनी गेलो होतो. ज्या कँपवर उतरलो तिथे स्पीकर लावलेला. रस्त्यावर गाड्यांची रांग, प्रत्येकाचे हेडलाइट चालू, आणि प्रत्येक जण काचेआडून ओरडत होता, लाइट बंद करा. एका मुलाने बरणीत काजवे भरले होते. मी त्याला काही म्हणणार होते, पण माझ्या हातात मोबाइलची बॅटरी चालू होती. हे सगळं अभयारण्य आहे, 1986 पासून, कळसूबाई-हरिश्चंद्रगड मिळून 361 चौरस किलोमीटर. वनखात्याने अलीकडे गाड्यांवर, वेळेवर बंधनं घातलीत. बरं झालं. आजींना नंतर विचारलं तर म्हणाल्या, "पयलं दारात येत व्हते." बस. पुढे काही नाही.

घाटघरला वीज तयार होते तीही पाणी वर-खाली करून. दिवसा, मागणी असते तेव्हा, वरच्या तळ्यातलं पाणी कोकणाकडच्या खालच्या तळ्यात सोडायचं आणि जनित्रं फिरवायची. रात्री वीज स्वस्त असताना तेच पाणी पुन्हा वर ओढायचं. 250 मेगावॉट, 2008 पासून. आबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पाणी वर नेता येतं तर." त्यांच्या डोक्यात बहुतेक टेल होतं.

निळवंडे धरणाचीही एक गोष्ट आहे. भंडारदऱ्याच्या खाली, अकोले तालुक्यातच. 1970 मध्ये कल्पना निघाली, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये डाव्या कालव्याचं उद्घाटन झालं. त्रेपन्न वर्षं. त्याच वर्षी एप्रिलच्या उन्हात शेतकरी, आदिवासी, अंगणवाडीच्या बाया लाल झेंडे घेऊन अकोले ते लोणी चालत निघाल्या होत्या. प्रवरा जिकडे जाते, तिकडेच. मी टीव्हीवर बघत होते आणि कॅमेरा पुन्हापुन्हा पायांवर जात होता.

याच तालुक्यात कोंभाळणे आहे. राहीबाई पोपेरे यांचं गाव. शाळेत न गेलेल्या या बाईंनी आपल्या डोंगरातली गावठी वाणं जमवून, राखेत-मडक्यात जपून त्यांची बँक उभी केली. त्यासाठी 2020 ची पद्मश्री. संकरित धान्य-भाजी खाऊन नातू आजारी पडतोय असं वाटलं आणि तिथून हे सुरू झालं, असं त्या सांगतात. तेव्हापासून तालुक्यात कुठेही गेलं तरी 'बियाणं आहे का' विचारलं की बायांचे डोळे चमकतात. आमच्या आजींचेही चमकले. शेवटच्या फेरीत निघताना त्यांनी उतरंडीतून एक पुरचुंडी काढली. त्यात वालाच्या घेवड्याचं बी, राखेत घोळलेलं, मुठीपेक्षा थोडं कमी. म्हणाल्या, "हे तुझ्या आब्याला दे. म्हणावं, नुसतं पाणीच काय घेतो?"

आबांनी ते बी तळहातावर घेऊन फिरवून बघितलं, एक दाण्याला दात लावून पाहिला, आणि बांधाला टोचलं. चारीच्या अगदी कडेला, म्हणजे वेगळं पाणी द्यायला नको. आठवड्यात उगवलं. दोन महिन्यांत वेल असा माजला की बांध दिसेना, शेजारच्या उसावर चढला, विजेच्या खांबाच्या ताणावर चढला. पाटकऱ्याने सायकल थांबवून विचारलं, हे काय लावलंय. दसरा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. फूल नाही, शेंग नाही. नुसता हिरवागार पाला.

मी फोनवर विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "पाणी जास्त झालं गं त्याला."